चंद्रकांता वाचताय का कुणी? ऐयारी, तिलिस्म आणि वनकन्या

रातराणी

गेले नऊ दिवस रोज रात्री मी विजयगढच्या जंगलात असते. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ वाचतेय, मूळ हिंदीतून. मनात इतकं साठलंय की कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा काढला.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कादंबरी १८८८ची. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं एकमेकांवर प्रेम आहे. विजयगढच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह याला चंद्रकांताही हवी आणि राजगादीही हवी. आपलं इथे जमत नाही म्हटल्यावर तो चुनारगढच्या शिवदत्तला जाऊन मिळतो, आणि मग डावावर डाव, सोंगावर सोंग सुरू होतं.

सुरुवात किती साधी आहे बघा. संध्याकाळ झालीय, सूर्य बुडायला आलाय, टेकडीच्या पायथ्याशी एका दगडावर वीरेंद्रसिंह आणि त्याचा मित्र तेजसिंह बोलत बसलेत. बस्स. वंशावळ नाही, राज्याचं वर्णन नाही. दोन मित्र आणि त्यातल्या एकाचं दुखरं मन. दोन पानांत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले होते.

पण मी खरी अडकले ती बगळ्यापाशी. चंद्रकांता आणि तिची मैत्रीण चपला एका जुन्या, ओस पडलेल्या जागी येऊन पोचतात. तिथे एक दगडी बगळा आहे, अवाढव्य. चपला जवळ जाते आणि तो दगडाचा बगळा तिला गिळतो! अक्षरशः गिळतो. आणि थोड्या वेळाने चंद्रकांतालाही. रात्रीचा दीड वाजला होता. मी पुस्तक मिटलं, दिवा मालवला, परत लावला आणि पुढचं बयान काढलं. (प्रकरणाला खत्री ‘बयान’ म्हणतात. बयान म्हणजे जबानी, हकीकत. कुणीतरी समोर बसून घडलेलं सांगतंय असंच ते वाचताना वाटतं.)

कुणी वाचलीय का? तुम्हाला यातलं काय आवडलं? राजकारण, जादू की प्रेमकथा?

चकोर

तुमचा बगळा वाचून अंगावर काटा आला. लहानपणी टीव्हीवर मालिका पाहिली होती, तेवढीच माझी ओळख. पुस्तक कधी हातात घेतलं नाही. आज रात्रीच सुरू करतो.

जुनी_पोथी

चकोर, मालिका बाजूला ठेवून वाचा. मालिका १९९४ची, दूरदर्शनवरची. तिने कादंबरीतली नावं घेतली आणि पुष्कळसं स्वतःचं रचलं. त्या क्रूरसिंहाची लकब अजून लोकांच्या तोंडी आहे, पण पुस्तकातला क्रूरसिंह वेगळा आहे. तो घाबरट आहे, आणि घाबरट माणसाच्या हाती सत्तेची आशा आली की तो काय करतो हे खत्रींनी नेमकं पकडलंय.

रातराणी, तुम्ही जंगलाचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. खत्रींचा जन्म १८६१चा. काशीच्या राजाकडून त्यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. लाकूडफाट्याच्या कामासाठी ते त्या रानात महिनोन्‌महिने हिंडले. तिथले पडके किल्ले, दऱ्या, ओढे, गुहा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ठेका गेल्यावर ते लिहायला बसले आणि त्या पडक्या भिंतींच्या आत त्यांनी तिलिस्म (खजिना राखणाऱ्या गूढ, फसव्या वास्तू) उभे केले. चुनारचा किल्ला आजही गंगेच्या काठावर उभा आहे, विजयगढचा किल्ला सोनभद्रच्या डोंगरावर आहे. म्हणून त्यांच्या कादंबरीत कुणी खोहीत शिरला (खोह म्हणजे डोंगरातली घळ) की अंधार कुठे सुरू होतो, पाणी कुठून झिरपतं, दुसऱ्या टोकाला उजेड कसा दिसतो हे सगळं आपल्यालाही दिसतं. जो माणूस त्या घळीत स्वतः शिरला आहे तोच असं लिहू शकतो.

मुशाफिर

मी दोनदा वाचलीय आणि दोन्ही वेळा मला तिच्यातली ‘जादू’ सर्वात जास्त भावली, कारण ती जादू नाहीच. नीट बघा. या कादंबरीत मंत्र पुटपुटून कुणी काही करत नाही. तेजसिंहाची ती गुप्त खोह आठवा. दाराला सिंहाचं तोंड आहे. त्यात हात घालायचा, जीभ धरून बाहेर ओढायची, की दार उघडतं. म्हणजे कुलूप! कुणीतरी कसबी माणसाने बनवलेलं कुलूप. तिलिस्मही तसाच. कुणा पूर्वीच्या राजाने कारागिरांना हाताशी धरून खजिन्याभोवती रचलेलं कळसूत्रांचं जाळं. कुठे पाय ठेवला की फरशी फिरते, कुठली खुंटी ओढली की भिंत सरकते. आणि तो ज्याच्या नावाने बांधला गेलाय त्यालाच तो फोडता येतो.

मला हे फार थोर वाटतं. जादू म्हटलं की लेखकाला काहीही करायची मोकळीक मिळते, आणि मग वाचकाला कशाचीच भीती वाटेनाशी होते. इथे प्रत्येक चमत्काराच्या मागे कुणाचे तरी हात राबलेले आहेत हे ठाऊक असतं. म्हणून नायक अडकला की आपणही भिंती चाचपायला लागतो.

रातराणी

मुशाफिर, अगदी मनातलं बोललात! आणि हेच मला ऐयारांबद्दलही म्हणायचं होतं.

ऐयार म्हणजे हेर म्हणावं तर अपुरं पडतं. वेष पालटणं आणि वाऱ्यासारखं धावणं ही त्यांची मुख्य कामं, पण त्यांना औषधं कळतात, गाणं येतं, हत्यार चालवता येतं. प्रत्येकाच्या कमरेला बटवा. त्यात बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायचा लखलखा, चेहरा रंगवायचं सामान. शिवाय कमंद, म्हणजे भिंतीवर फेकून चढायची दोरी. बटवा गेला की ऐयार अर्धा मेला.

आणि त्यांचे कायदे! ऐयाराने ऐयाराला मारायचं नाही. पकडायचं, कैदेत टाकायचं, पण जीव घ्यायचा नाही. समोरासमोर आले की दोन शत्रूसुद्धा ‘जय माया की’ म्हणून एकमेकांना अभिवादन करतात. कारण माया, भ्रम, हीच दोघांची देवता. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलेच. दोघं एकमेकांना फसवायला निघालेत, आणि ज्या विद्येने फसवणार तिला दोघंही हात जोडतात.

यामुळे कारस्थानांना एक वेगळीच चव येते. कुणी मरणार नाही, पण कुणीही कुणीही असू शकतं. क्रूरसिंहाचा ऐयार अहमद, त्याला पकडून तेजसिंह स्वतःच अहमद होतो आणि थेट क्रूरसिंहाच्या घरात जाऊन बसतो. समोरचा क्रूरसिंह आपल्याच माणसाशी बोलतोय या समजात सगळं ओकून टाकतो. मी श्वास रोखून वाचत होते. संशय आला की तोंड धुवायला पाणी मागवायचं, हा त्यांचा शेवटचा उपाय. त्या कादंबरीत पाण्याचा तांब्या तलवारीपेक्षा भयंकर आहे.

अनवट

धागा आवडला. पण एक तक्रार मांडते, कारण पुस्तक आवडतं म्हणूनच ती मनाला लागते. चंद्रकांता स्वतः फार वेळ रडते. पहिल्या भागात तर ती खिडकीशी बसून उसासे टाकते आणि धावपळ सगळी चपला करते. पुस्तकाचं नाव चंद्रकांता, पण हिंमत, अक्कल, वेष पालटणं, जीव धोक्यात घालणं चपलेचं. ऐयारी ही पुरुषांची मक्तेदारी नाही हे खत्रींनी १८८८ साली किती सहज लिहून टाकलंय! चपला ऐयारा आहे हे सांगताना ते कुठेही आश्चर्य दाखवत नाहीत, समर्थन देत नाहीत. आहे म्हणजे आहे.

आणि माझ्यासाठी या कादंबरीतली खरी प्रेमकथा तिची आणि तेजसिंहाची. दोघंही सोंगं घेणारे. एकमेकांना भेटतात तेव्हा निम्म्या वेळी कुणाचा तरी तिसराच चेहरा लावलेला असतो. जे आयुष्यभर लोकांना फसवतात त्यांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवायचा? राजकुमार आणि राजकन्या यांना हा प्रश्न कधी पडत नाही. या दोघांना प्रत्येक भेटीत पडतो.

मुशाफिर

अनवट, चपलेबद्दल शंभर टक्के सहमत. पण चंद्रकांता शेवटपर्यंत रडत राहते हे मान्य नाही. चौथा भाग आठवा.

(ज्यांनी पूर्ण वाचली नाही त्यांनी पुढचा परिच्छेद कृपया वगळावा. रातराणी, तुम्ही कुठे आहात?)

रातराणी

तिसऱ्या भागाच्या मध्यावर. वनकन्या नुकतीच आलीय. तुमचा परिच्छेद मी डोळे मिटून ओलांडते. लिहा खुशाल.

मुशाफिर

तर रहस्यभेद. वीरेंद्रसिंह चंद्रकांतेच्या शोधात वणवण करतोय आणि जंगलात त्याला वनकन्या भेटते. रूपवान, धीट, प्रत्येक संकटात वेळेवर मदत पाठवणारी. तिचे उपकार वाढत जातात, त्याचं मन दुभंगत जातं. शेवटी ती अट घालते की ज्या दिवशी चंद्रकांतेशी लग्न करशील त्याच दिवशी माझ्याशीही करायचं. तो शब्द देतो. आणि शेवटी कळतं की वनकन्या म्हणजे चंद्रकांताच. म्हणजे खिडकीत बसून रडणारी तीच मुलगी तिलिस्मातून बाहेर पडून आपल्या प्रियकराला संकटांतून सोडवत होती, आणि त्याला कळूही देत नव्हती. ती रडणं सोडून ऐयारी शिकली! अनवट, मला वाटतं खत्रींनी तिला पहिल्या भागात मुद्दाम दुबळी ठेवली, म्हणजे चौथ्या भागात आपण तिला ओळखू नये.

अनवट

हं. या बाजूने मी विचार केला नव्हता, आणि तुमचं म्हणणं पटतंय. पण त्याच जागी मला दुसरी टोचणी लागते. त्याने शब्द दिला ना! चंद्रकांता असताना दुसरीला लग्नाचा शब्द दिला. उपकारांच्या ओझ्याखाली दिला असेल, पण दिला. आणि ती हे सगळं मुखवट्याआडून बघत होती. त्या क्षणी तिला काय वाटलं असेल यावर खत्री एक ओळही लिहीत नाहीत. कथा आनंदाने पुढे जाते, लग्नं लागतात, चपला-तेजसिंहाचं, चंपा-देवीसिंहाचं. मी मात्र तिथेच थांबलेली असते. ज्याने तुझ्यासाठी रानं तुडवली त्यानेच तुझ्यासमोर, तुला न ओळखता, दुसरीला हो म्हटलं. आणि ती दुसरी तूच. मला ही या कादंबरीतली सर्वात खोल जागा वाटते, आणि लेखक तिच्यावरून भराभर चालत जातो.

जुनी_पोथी

अनवट, हा प्रतिसाद वाचून मी कपाटातून प्रत काढली आणि तेवढा भाग पुन्हा वाचला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, लेखक थांबत नाही. पण त्यांची परंपराही बघू. ही दास्तानीची, म्हणजे तोंडी सांगायच्या लांबलचक अद्भुत कथांची, रीत आहे. दास्तानगो, म्हणजे ती सांगणारा, मनाच्या आत फार वेळ रेंगाळत नाही, तो प्रसंग पुढे ढकलतो आणि आतलं ऐकणाऱ्यावर सोडतो. ‘ऐयार’ आणि ‘तिलिस्म’ हे दोन्ही शब्द खत्रींकडे आले ते अमीर हमजाच्या दास्तानीतून. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ती उर्दूत छापली, तब्बल ४६ खंड. त्यातलाच ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ १८८३पासून निघू लागला, म्हणजे चंद्रकांतेच्या जेमतेम पाच वर्षं आधी. त्यातला अमर ऐयार जंबील नावाची पिशवी बाळगतो आणि तिच्यात अख्खं जग मावतं. खत्रींनी त्या अद्भुत पिशवीचा बटवा केला, ज्यात फक्त एका माणसाला वाहता येईल एवढंच सामान आहे. मुशाफिर यांनी जादूबद्दल जे लिहिलं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

गवताचं_पातं

मला एक व्यवहारी प्रश्न विचारायचा आहे. माझं हिंदी बोलण्यापुरतं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं हिंदी झेपेल का? मागे एकदा मुलांसाठी काढलेली संक्षिप्त आवृत्ती घेतली होती. तिच्यात सगळे प्रसंग होते पण रस नव्हता. कोण कुणाच्या वेषात आहे हे आधीच सांगून टाकलं होतं. तेव्हापासून मन धजत नाही.

रातराणी

नक्की झेपेल. मीही धास्तावूनच सुरू केली होती. वाक्यं छोटी आहेत, माणसं साधं बोलतात. ही कादंबरी वाचता यावी म्हणून कितीतरी उर्दू वाचणारे देवनागरी शिकले असं हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून सांगतात, ते उगाच नाही. पहिल्या पन्नास पानांत दहा-बारा शब्द अडतील. ‘लौंडी’ म्हणजे दासी, ‘खोह’ वर आलंच, ‘कोस’, ‘बयान’. त्यानंतर शब्दांकडे लक्षच जात नाही. बयानं लहान आहेत. एका बयानाला दहा मिनिटं. अडचण एवढीच की एकावर थांबता येत नाही, कारण प्रत्येकाच्या शेवटी खत्री नेमके कुणालातरी दारात उभं करतात आणि उठून जातात.

आणि हो, संक्षिप्त मुळीच घेऊ नका. कोण कुणाच्या वेषात आहे हे तुम्हाला आधी कळलं तर मागे उरतं काय? मूळ कादंबरी चार भागांची आहे, कॉपीराइट कधीच संपलाय, पूर्ण मजकूर मोफत मिळतो.

चकोर

पहिला भाग संपला! काल रात्री नऊला बसलो, उठलो तेव्हा पहाट होत होती. तेजसिंह पकडला जातो की काय म्हणून जीव टांगणीला. बाकी मग लिहितो, आता दुसरा भाग.

जुनी_पोथी

चकोर, वा!

कुणीतरी विचारेल म्हणून आपल्या मराठीबद्दलही लिहितो. अद्भुतरम्य कादंबरी मराठीत चंद्रकांतेच्या आधी आली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. राजकन्या, कपटी प्रधान, ताटातूट, शेवटी मीलन, सगळं आहे. पण १८८५मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ येऊ लागली आणि मराठी कादंबरीने घरातल्या माणसांकडे तोंड वळवलं. त्याने आपलं भलंच झालं. तरी खत्री तिकडे राजकन्येला बगळ्याच्या पोटात पाठवत होते तेव्हा आपल्याकडे ती वाट जवळजवळ मोडली होती, याची मला हुरहुर लागते. पुढे नाथमाधवांनी ‘वीरधवल’ लिहून ती पुन्हा उघडली. त्यांची गोष्ट तर मनाला चटका लावते. शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडून त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्यानंतर हा माणूस लिहू लागला आणि त्याने आपल्या नायकांना घोड्यावर बसवून रानोमाळ दौडवलं.

अजून मागे जायचं तर प्राचीन कथाकार गुणाढ्य. कथासरित्सागरात त्याची हकीकत आहे. प्रतिष्ठानच्या (आजच्या पैठणच्या) सातवाहन राजाने त्याची बृहत्कथा ‘पैशाची’ या पिशाचांच्या मानल्या गेलेल्या भाषेतली म्हणून नाकारली. तेव्हा गुणाढ्य रानात अग्नी पेटवून बसला. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातले पशू चरायचं सोडून भोवती गोळा झाले आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. इकडे राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागलं, म्हणून चौकशी झाली आणि राजा धावत आला. तोवर सात लाखांपैकी सहा लाख श्लोक जळून गेले होते.

अनवट

ते चरायचं विसरलेले पशू. चकोर पहाटेपर्यंत जागले, त्यांना ही गोष्ट नक्की कळेल.

मुशाफिर

ज्यांची चंद्रकांता संपलीय त्यांनी लगेच ‘चंद्रकांता संतति’ हाती घ्या. चोवीस भाग आहेत म्हणून बिचकू नका. वीरेंद्रसिंहाचे मुलगे इंद्रजीतसिंह आणि आनंदसिंह, त्यांच्या मागे लागलेली मायारानी, रोहतासगढ, जमानियाचा तिलिस्म. पट कितीतरी मोठा होतो. तिलिस्मी खंजीर येतो, ज्याच्या स्पर्शाने माणूस कोसळतो, आणि त्याच्या जोडीची अंगठी बोटात असली तरच तो हातात धरता येतो. तिथेही खत्री त्याला मंत्राची जोड देत नाहीत, विजेसारखा झटका असं वर्णन करतात.

पण मी संतति वाचतो ती भूतनाथासाठी. तो ऐयार आहे, हुशार आहे, मदतही करतो, आणि जुन्या पापाचा कागद कुणाच्या तरी हाती लागेल या भीतीने रात्रंदिवस पळत असतो. चंद्रकांतेत माणूस चांगला तरी किंवा वाईट तरी. भूतनाथाशी आलो की ते गणित मोडतं. खत्रींनाही तो सोडवेना. त्याच्यावर त्यांनी स्वतंत्र कादंबरी लिहायला घेतली आणि १९१३मध्ये ती अपुरी असतानाच ते गेले. त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी ती पूर्ण केली.

गवताचं_पातं

सुरू केली. संध्याकाळ, टेकडी, दगडावर बसलेले दोघं. ‘ऐयार’ शब्दापाशी थोडी अडखळले, मग रातराणींचा प्रतिसाद आठवला. तिसऱ्या बयानावर आहे.

रातराणी

पूर्ण झाली. काल मध्यरात्रीनंतर. आता मुशाफिर आणि अनवट यांचे डोळे मिटून ओलांडलेले परिच्छेद वाचले.

अनवट, तुमची टोचणी वाचून मी वनकन्येची पहिली भेट परत काढली. आता ती कोण हे माहीत असताना. तिचं प्रत्येक वाक्य बदललंय! आधी धीट वाटलेली जागा आता सांभाळून बोललेली वाटते. वीरेंद्रसिंह तिच्यासमोर चंद्रकांतेचं नाव घेतो, आणि तिला गप्प बसावं लागतं. खत्री लिहीत नाहीत हे खरं, पण दुसऱ्यांदा वाचताना ती ओळ आपोआप दिसते. तिसरा भाग पहिल्या बयानापासून पुन्हा वाचायला घेतलाय. कुणी सोबत येतंय का? रोज पाच बयानं, आणि इथे फक्त वनकन्येबद्दल लिहायचं.

अनवट

मी येते. आज रात्रीपासून.